भट्टीची जागा

मंगळवार, ९ एप्रिल १९४६

इंजिन आलं. अकोल्याहून बैलगाडीनं, तीन दिवस लागले. लखमीचंद शेठनं लष्कराच्या लिलावात घेतलं — सहा सिलिंडरचं, वरून हिरवा रंग, आत वाळू. कुठल्या मुलखातली वाळू देव जाणे. शेठ म्हणाला, "गुलाबराव, आता कोळसा बंद. पेट्रोलची चिठ्ठी मिळून राह्यली. आपली जुनी लॉरी उभी करा. मे महिन्याच्या वीस तारखेले तपासणीचा साहेब येते, तवा चालती पाह्यजे."

मी हो म्हणालो.

लॉरी डिसेंबरपासून माझ्या खोपटामागे उभी आहे. मेडशीहून बैल जुंपून ओढत आणली होती. त्यानंतर मी तिचं दार उघडलेलं नाही.

बुधवार, १० एप्रिल

जुनं इंजिन उतरवलं. तिवई, साखळी, चार माणसं. दुपारी जेवलो. भाजी कसली होती आठवत नाही.

शनिवार, १३ एप्रिल

नवं इंजिन बसतं आहे. पुढचे पाय सरळ आले, मागच्यांना पट्टी जोडावी लागेल. ते काही अवघड नाही. अवघड आहे ते पेट्रोल.

जुन्या गाडीची टाकी समोरच्या काचेखाली, उंचावर. तिथून पेट्रोल आपोआप खाली उतरायचं, कारण जुन्या इंजिनाचा कार्बुरेटर खाली, बाजूला होता. या लष्करी इंजिनाचा कार्बुरेटर वर, डोक्यावर बसलेला. पेट्रोल काही आपणहून वर चढत नाही. शिवाय ती टाकी गंजून चाळणी झाली आहे, चार वर्षं कोरडी होती. म्हणजे ती काढायची. इंजिनाला स्वतःचा पंप आहे, तो लांबून, खालूनही ओढतो. टाकी मागे ठेवायची आणि तांब्याची नळी पुढे आणायची.

मागे कुठे? उजवीकडे चाकाचं सामान. डावीकडे एकच जागा — केबिनच्या पाठीशी, जिथे कोळशाच्या गॅसची भट्टी उभी आहे.

 भट्टी काढावी लागणार.

रविवार, १४ एप्रिल

कधीतरी लिहावंच लागेल, आज लिहितो.

लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा ही भट्टी मीच केली. लोखंडी पिंप, आत कोळसा, खाली विस्तव, वर झाकण. कोंडलेला गॅस नळीतून इंजिनात. मालेगावहून, रिसोडहून माणसं बघायला यायची. मला फार अभिमान वाटायचा. नळी केबिनच्या तळाखालून जाते आणि तिचा एक जोड बरोबर सीटच्या खाली येतो. सुतळी आणि सफेदा लावून मीच आवळला. झाकणाच्या कडेला विलायती दोर लागतो, तो लढाईत कुठून आणणार? म्हणून कोळसा भरला की सूनबाई रोज कड लिंपायची. शेणमातीत पिंजलेला कापूस घालून मळायची, भेग म्हणून पडत नसे. माझा पोरगा नथ्थू तिला चिडवायचा, "हे चूल नाही वं, मोटार आहे."

एकोणीस डिसेंबरला नथ्थू सरकी भरून दुपारी निघाला. पातूरचा घाट अंधारात नको म्हणून मेडशीला थांबला. थंडी होती. केबिनला तरटं लावून आत झोपला. भट्टी विझवली नाही, विस्तव राखेखाली दाबून ठेवला, म्हणजे सकाळी लवकर पेटते. सकाळी तो उठला नाही. मी पोचलो तेव्हा तोंड लाल होतं, ताप आलेल्या लेकरासारखं.

गॅस कुठून तरी गळला. पंचांनी लिहिलं "गॅसने". कुठून, ते कोणी लिहिलं नाही. माझ्या जोडातून गळला असेल तर माझ्या पोराला मी मारलं. हे मी कोणाशी बोललेलो नाही. त्या जोडाभोवती काजळी असेल तर गळत होता, नसेल तर नाही. पाहायला घटकाभर लागेल. चार महिने पाहिलं नाही.

मंगळवार, १६ एप्रिल

पंप खोलला. आतला कापडी पडदा शाबूत. दोन झडपा धुतल्या. वाळू, वाळू, वाळू.

शुक्रवार, १९ एप्रिल

शेठनं नवा ड्रायव्हर पाठवला. रामसिंग. लष्करात चार वर्षं असलीच इंजिनं हाकली म्हणतो. आल्या आल्या कार्बुरेटरकडे पाहून म्हणाला, "मिस्त्रीजी, हे बाई लय नखऱ्याची. घाण पेट्रोल पेत नाही." माणूस बरा आहे. नथ्थूबद्दल काही विचारलं नाही. शेठनं सांगून ठेवलं असावं.

सोमवार, २२ एप्रिल

टाकी धुतली. लिलावातूनच आलेली, आत गंज. नदीतले खडे आणि रॉकेल घालून हलवायची म्हणजे गंज सुटतो. एकट्याला पेलवेना. नथ्थूची आई म्हणाली, "माह्या कमरेनं नाही होत." सूनबाई येऊन दुसऱ्या बाजूला उभी राहिली. सकाळभर दोघं टाकी हलवत होतो. खड्यांचा आवाज.  नऊ वेळा रॉकेल बदललं. शेवटचं स्वच्छ आलं तेव्हा तिनं वाटी माझ्यापुढे धरली. एवढंच.

गुरुवार, २५ एप्रिल

आज वाईट झालं. उन्हाचा रामसिंग केबिनमध्ये जाऊन आडवा झाला. मी पाहिलं आणि काय झालं कळलं नाही — पायाला धरून त्याला खाली ओढला. डोकं पायरीवर आपटलं त्याचं. "काहून, मिस्त्रीजी? काहून?" म्हणत राहिला.  भट्टी थंड आहे, चार महिने थंड आहे, हे मला ठाऊक होतं.

सूनबाईनं त्याला पाणी दिलं. मला दिलं नाही.

रविवार, २८ एप्रिल

नळी. तेरा फूट तांब्याची. ताठ झाली होती म्हणून चुलीत लाल करून पाण्यात बुडवली, मग दोरीसारखी वळते. तोंडं पसरवून नट चढवले. सफेदा लावला नाही. पेट्रोल सफेदा खातं. कपड्याचा साबण आट्यांवर घासला, साबणाला पेट्रोल काही करत नाही. ही गोष्ट मला नथ्थूनं शिकवली होती. कुठे पाहिली त्यानं, विचारायचं राहिलं.

आता नळी तयार, पंप तयार, गाळणी तयार, टाकी तयार. बसवायला जागा नाही.

बुधवार, १ मे

काही केलं नाही.

गुरुवार, २ मे

काही केलं नाही. शेठ येऊन गेला. भट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "दुसऱ्या कोनाले बोलावू का काढाले?" नको म्हणालो. दुसऱ्यानं काढली तर जोड नीट पाहणार नाही. किंवा पाहील.

शनिवार, ४ मे

अखाजी, वैशाखाची तीज. पितरांची घागर भरली. माझ्या बापाच्या नावानं, आजाच्या नावानं, मग नथ्थूच्या नावानं. बापानं पोराची घागर भरायची. पाणी सांडलं नाही. आंब्याचा रस केला होता. तो मात्र वाटीतच राहिला.

सोमवार, ६ मे

भट्टी काढली.

रामसिंगला सकाळीच काही निमित्त काढून पिटाळलं. आधी सीटची फळी उचलली. खाली जोड. कंदील जवळ नेला. स्वच्छ. बोट फिरवलं, नुसती धूळ. पान्यानं खोलला, सुतळी आतून पांढरी, बसवली तशी. एका बाजूलाही काळं नाही. पुन्हा पुन्हा पाहिलं. माझा जोड गळत नव्हता.

तिथेच केबिनच्या तळात बसून राहिलो. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. चार महिने छातीवर ठेवलेलं वजन कोणी उचलून घेतलं, पण खालचं अंग बधिर झालेलं, त्याला काही कळेना.

मग पिंप उतरवायला वर चढलो आणि झाकण पाहिलं. कडेची माती ठिकठिकाणी फाटलेली. नुसता चिखल, कापसाचा धागा नाही. भेगांमधून काळे ओघळ उतरलेले, सरळ केबिनच्या मागच्या खिडकीकडे. नथ्थू भट्टीवर नजर राहावी म्हणून ती खिडकी उघडी ठेवायचा. त्या रात्रीही थोडी उघडी असणार.

झाकणाचं लिंपण सूनबाईचं. रोजचं. त्या दिवशी घाईनं केलं असेल. कापूस पिंजायचा कंटाळा केला असेल. हात फिरवला आणि झालं.

माझा जोड गळत नव्हता.

मंगळवार, ७ मे

बोललो. बोलायला नको होतं, पण बोललो.

नथ्थूची आई भाकरी थापत होती. मी म्हणालो, जोड माझा चांगला होता, लिंपण फाटलं होतं. तिचा हात थांबला. एवढंच पुरलं. ती उठून ओसरीवर गेली आणि सूनबाईला जे बोलली ते इथे लिहीत नाही. "तुह्या हातानं गेलं माहं लेकरू" — हे त्यातलं सगळ्यात सौम्य.

सूनबाई गहू निवडत होती. सूप खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता नाही म्हणेल, रडेल, शपथ घेईल. ती म्हणाली, "मामंजी, त्या दिवशी तुमी..." आणि थांबली. 

मी विचारलं, "त्या दिवशी काय?" मला स्वतःला त्या दिवसाचं काही आठवत नाही. नथ्थूनं फडक्यात भाकरी बांधून घेतली, एवढंच आठवतं. बाकी सगळं पुसलं गेलं आहे.

"काई नाही," म्हणाली.

मला ते कबूल केल्यासारखंच वाटलं.

बुधवार, ८ मे

टाकी बसवली. चार पट्ट्या, आठ बोल्ट, खाली तरटाची घडी. भट्टीच्या जागी बरोबर मावली. नळी जोडली. साबणाचा फेस लावून, सायकलच्या पंपानं हवा भरून प्रत्येक जोड तपासला. एक बुडबुडा नाही.

मला बरं वाटायला हवं होतं.

गुरुवार, ९ मे

सूनबाईचा बाप अनसिंगहून आला. दौलतराव. नथ्थूच्या आईनंच निरोप धाडला होता, मला न विचारता. दौलतराव भला माणूस, वांग्या-मिरच्यांचा मळा आहे त्याचा. ओसरीवर बसला, पागोटं मांडीवर ठेवलं. "ईहीनबाईनं जे कळवलं, ते खरं हाय का?" मला विचारलं.

मी म्हणालो, "लिंपण फाटलं होतं. जे पाहिलं ते सांगतो."

"पोरीचं म्हननं काय हाय?"

पोर दारात उभी होती. बोलली नाही. दौलतराव तिच्याकडे पाहत राहिला, मग जमिनीकडे. "मंग नेतो मी तिले," म्हणाला. "इथं राहून तरी काय करन."

तिनं बोचकं बांधलं. दोन लुगडी, नथ्थूची घोंगडी. घोंगडी नथ्थूच्या आईनं काढून घेतली. मी अंगणात उभा होतो. पाया पडायला आली तेव्हा मी पाय मागे घेतला. का घेतला माहीत नाही. उन्हं कलल्यावर बापाच्या बैलांच्या दमणीत बसून गेली.

शनिवार, ११ मे

इंजिन सुरू झालं. पंपानं पेट्रोल ओढलं, पंपावरच्या काचेच्या वाटीत चढताना दिसलं, हँडलच्या तिसऱ्या फेऱ्याला धरलं. सहाही सिलिंडर. रामसिंगनं टोपी उडवली. आळीतली माणसं जमली. मी हात पुसून आत गेलो.

घरात कोणी नाही असं वाटलं. नथ्थूची आई होती.

मंगळवार, १४ मे

मालेगावच्या रस्त्यावर गाडी काढली आणि तीन मैलांवर बंद. काचेच्या वाटीत पेट्रोल नाही, बुडबुडे. रामसिंग लगेच म्हणाला, "नळीत उकळून राह्यलं, मिस्त्रीजी. वाळवंटात असंच व्हये." चूक माझी. नळी धुराच्या नळाला लगटून नेली होती, जवळची वाट म्हणून. वैशाखातलं ऊन, त्यात तो नळ. पेट्रोलची वाफ झाली. ओलं फडकं गुंडाळून घरी आणली.

नळी चासीच्या दुसऱ्या अंगानं फिरवली. तीन फूट जास्त लागली. आता ठीक.

रामसिंग काम करता करता म्हणाला, "सूनबाई दिसत नाही." गेली म्हणालो. "कवा येते?" मी पाना मागितला.

शुक्रवार, १७ मे

सरकीची दहा पोती टाकून पातूरचा घाट चढवला. उतरवला. एकदाही थांबली नाही. जाताना, येताना मेडशी लागली. दोन्ही वेळा मी डोळे मिटून बसलो होतो. रामसिंगनं पाहिलं असेल. 

सोमवार, २० मे

तपासणी झाली. साहेबानं नळीच्या जोडांवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "किसने लगाया?" शेठनं मला पुढे केलं. साहेब म्हणाला, "अच्छा काम है." सही केली. उद्या पहिली फेरी, अकोला. शेठनं नारळ फोडला, खोबरं सगळ्यांना दिलं.

नथ्थूच्या आईला सांगितलं. "बरं झालं," म्हणाली. मग जरा वेळानं म्हणाली, "तिच्या हातचं वरन चांगलं होये."

मंगळवार, २१ मे

गाडी निघायच्या आधी रामसिंगला मागच्या चाकाच्या बेअरिंगचं माप हवं होतं. ते मी गेल्या हिवाळ्यात घेतलं होतं, जुन्या वहीत. वही डिसेंबरपासून ट्रंकेत होती. काढली. माप सापडलं, सतरा तारखेला. पान उलटलं.

बुधवार, १९ डिसेंबर १९४५. माझंच अक्षर —

"सरकी भरली. कोळसा भरला. सूनबाई आजपासून बाजूला बसली आहे. तरी माती मळायला निघाली होती. भट्टीत अग्नी आहे, तुझा विटाळाचा हात नको, म्हणून तिला मागे फिरवलं. नथ्थूला म्हणालो, आज तूच लिंप."

रामसिंगला माप दिलं. तो अकोल्याला गेला. मी अनसिंगच्या रस्त्याला लागतो आहे, पायीच. तिला पहिल्या दिवसापासून हे माहीत होतं, आणि माझ्या तोंडावर तिनं ते सांगितलं नाही.